दुसऱ्या संध्याकाळी उमगलेली वाइन

पोर्तुगालची वाइन म्हटले की आजवर माझ्या मनात पोर्ट ही गोड, कडक वाइन आणि तिच्या पाठोपाठ दोउरू नदीचे खोरे, एवढेच यायचे. त्यामुळे एका स्नेह्यांनी भेट दिलेल्या लाल वाइनच्या बाटलीवर ‘दांव’ हा शब्द वाचला, तेव्हा ते उत्पादकाचे नाव असावे असे मला वाटले. (नाकातून उच्चारायचा हा एकाक्षरी शब्द देवनागरीत नेमका उतरत नाही, ‘दांव’ हे त्यातल्या त्यात जवळचे.) प्रत्यक्षात ते दोउरूच्या दक्षिणेला असलेल्या एका डोंगराळ प्रदेशाचे आणि त्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव आहे. वाइनचा प्रदेश म्हणून त्याच्या सीमा १९०८ सालीच आखल्या गेल्या होत्या. इतका जुना प्रदेश आपल्या कानावरही आलेला नसावा, याची मला मनापासून रुखरुख वाटली.

पहिल्या संध्याकाळी मात्र या वाइनने मला निराश केले. बूच काढून मी ती लगेचच पेल्यात ओतली. रंग गडद होता, कडेला जांभळट झाक होती, पण वास जवळजवळ नव्हताच, आणि पहिल्या घोटानंतर हिरड्यांवर कोरडा तुरटपणा तेवढा मागे राहिला. चूक माझी होती. बाटली उबदार खोलीत ठेवलेली होती आणि वाइनला हवा लागू देण्याइतकाही धीर मी धरला नव्हता. निम्मी वाइन तशीच ठेवून, बूच पुन्हा बसवून मी ती थंड जागी सरकवली.

दुसऱ्या संध्याकाळी तीच वाइन साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला पुन्हा ओतली, तेव्हा पेला नाकाशी नेताच मी थांबलो. आधी व्हायलेटच्या फुलांचा गंध आला, त्यामागून लिंबाची साल नखाने खरवडल्यावर उडतो तसा तजेलदार वास, आणि सर्वांत शेवटी काळ्या बेरींचा. तुरटपणा होताच, पण आता तो जिभेला ओरखडत नव्हता. वाइनला आकार देत होता. त्या पेल्यानंतर मी बाटलीच्या मागची चिठ्ठी नीट वाचली. तिच्यावर चार वाणांची नावे होती: तोरीगा नासियोनाल, अल्फ्रोशैरो, झायेन आणि तिंता रोरिझ.

मराठीत ‘मिश्रण’ या शब्दाच्या मागे भेसळीची शंका चिकटलेली असते, आणि एकाच वाणाची वाइन ती अधिक अस्सल, असा माझाही समज होता. या बाटलीने तो पुसला. तोरीगा नासियोनालची द्राक्षे लहान आणि जाड सालीची असतात. फुलांचा गंध, रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) हे सगळे ती भरभरून देतात, पण वेलीला फळ कमी धरते. अल्फ्रोशैरो गडद रंगाबरोबरच टिकून राहणारी आम्लता आणते. झायेन लवकर पिकते आणि मृदू असते. स्पेनमध्ये मेन्सिया नावाने ओळखला जाणारा वाण तो हाच. तिंता रोरिझ म्हणजे स्पेनमधला प्रसिद्ध वाण तेम्प्रानियो, आणि वाइनला कणा मिळतो तो तिच्याकडून. एकीत जे कमी ते दुसरीने भरून काढायचे, असा हा संसार आहे. मला सर्वांत भावली ती या प्रदेशातल्या जुन्या मळ्यांची पद्धत: तिथे अनेक वाणांच्या वेली एकाच तुकड्यात सरमिसळ लावलेल्या असत, सगळ्यांची तोडणी एकदमच होई आणि सगळा रस एकत्रच आंबवला जाई. कुठली द्राक्षे पुरती पिकलेली, कुठली अजून आंबटसर. तो समतोल तळघरात साधण्याआधी मळ्यातच साधला जाई.

या वाइनच्या ताजेपणाचे मूळ भूगोलात आहे. पूर्वेला सेरा दा इस्त्रेला, पश्चिमेला कारामुलो आणि इतरही डोंगररांगांनी हा पठारी भाग वेढलेला आहे, त्यामुळे अटलांटिकवरून येणारा पाऊस आणि आतल्या भागाचा कडक उन्हाळा या दोहोंची धार बोथट होते. जमीन मुख्यतः ग्रॅनाइट झिजून झालेली, रेताड आणि निकस. पाइनच्या जंगलांमधून मळ्यांचे छोटे तुकडे विखुरलेले आहेत. उंचीमुळे रात्री गारवा असतो, द्राक्षे सावकाश पिकतात आणि पिकतानाही त्यांची आम्लता टिकून राहते.

मग हे नाव मागे का पडले? त्याचे मोठे कारण माणसांनी केलेल्या नियमांत आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, १९४०च्या दशकापासून, इथली द्राक्षे विकत घेण्याचा हक्क सहकारी संस्थांपुरता राखून ठेवण्यात आला. खासगी व्यापाऱ्यांना तयार वाइनच घ्यावी लागे. चांगल्या द्राक्षांना वेगळा भाव नाही, स्पर्धा नाही, त्यामुळे वाइन रूक्ष आणि एकसाची होत गेली. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाल्यानंतरच ही मक्तेदारी मोडली. शेतकरी पुन्हा स्वतःच्या नावाने वाइन भरू लागले आणि तोरीगा नासियोनालकडे नव्याने लक्ष गेले. ज्या वाणाचे मूळ याच प्रदेशात मानले जाते, त्याला घरीच मान मिळण्यासाठी इतकी वर्षे जावी लागली, हे वाचताना मला खरोखर वाईट वाटले.

तिसऱ्या संध्याकाळी तळाशी एका पेल्याइतकीच वाइन उरली होती. फुलांचा गंध आता ओसरला होता, फळाची चव मात्र अजून शाबूत होती, आणि शेवटच्या घोटानंतरही ती आम्लता जिभेच्या कडांवर बराच वेळ रेंगाळली. चिठ्ठी मी पाण्यात भिजवून अलगद सोडवली आणि वहीत चिकटवली आहे. तिच्याखाली चारही वाणांची नावे लिहून ठेवली आहेत, आणि त्यांच्या शेजारी, पुढच्या वेळेसाठी: ‘आदल्या दिवशी उघडावी.’