निगेटिव्हची नोंदवही, भाग ७ : रंकाळ्याचा रोल

पुरात भिजलेल्या पेटीतील फिल्मच्या ९ रोलांपैकी पाचव्या रोलाचे काम या रविवारी पूर्ण झाले. आतापर्यंतच्या ६० चौकटींपैकी ५७ हाती लागल्या आहेत. उरलेल्या तिन्हींवरचा थर पाण्याने पार सुटून गेला आहे.

ही नोंदवही नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडे मागचे सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शुक्रवार पेठेतील आमच्या घरात पंचगंगेचे पाणी शिरले, तेव्हा माळ्यावर न पोचलेली एकच लोखंडी पेटी खाली राहिली आणि आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे सगळे रोल नेमके तिच्यात होते. पाणी ओसरल्यावर मी ते घाईघाईने पंख्याखाली वाळवले, त्यामुळे कागदी पाकिटे जिलेटिनच्या थराला घट्ट चिकटून बसली. ती निगेटिव्ह ओली असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवायला हवी होती. आता प्रत्येक पट्टी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, कागद आपोआप सुटेपर्यंत वाट पाहावी लागते. तो ओढायचा नाही, आणि पाणी कोमटसुद्धा घ्यायचे नाही, कारण फुगलेला थर उष्णतेने विरघळू लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पट्टी दोन दोन दिवस वाळत नाही, म्हणून हे काम मी दसऱ्यानंतरच हाती घेते.

चौकटींच्या प्रती काढण्याची पद्धत मागच्या भागात सांगितली तीच आहे, म्हणजे खाली एलईडी पॅनेल, वर मॅक्रो लेन्स आणि चौकटीबाहेरचा उजेड अडवायला काळा कार्डशीट. एक सुधारणा मात्र केली आहे. निगेटिव्ह कृष्णधवल असली तरी प्रत रंगीत रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने काहीही फेरफार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घेऊन त्यातला फक्त लाल रंगाचा चॅनल ठेवला, तर पुराच्या पाण्याचे पिवळे डाग जवळजवळ दिसेनासे होतात.

हा पाचवा रोल रंकाळ्याचा आहे. आज्जीच्या कडेवर १९७२ साली जन्मलेला धाकटा भाऊ आहे, शेजारी पाच वर्षांची मी आहे आणि मागे पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस आहे. यातील तीन फोटो आमच्या अल्बममध्ये पोस्टकार्ड आकारात लावलेले आहेत. आण्णा शाहू मिलमध्ये पहिल्या पाळीला होते, पाळी सुटल्यावर संध्याकाळी ते आम्हाला रंकाळ्यावर घेऊन गेले आणि त्यांनी हे फोटो काढले, असे घरात सगळेच सांगत आले. "हल्लीस तर फोटो बिघडंल," असे ते मला म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते, आणि २०११ साली ते गेल्यानंतर मुलांना ही आठवण मी कितीदा तरी सांगितली आहे.

क्लिक थ्रीची चौकट चौरस असते, १२० नावाच्या आकाराच्या फिल्मच्या एका रोलवर बारा. स्टुडिओने मोठ्या प्रती काढताना चौरसाचा आयत करण्यासाठी वरचा आणि खालचा भाग कापला होता. चौथी चौकट पडद्यावर उलटवून पॉझिटिव्ह केली, तेव्हा पन्नास वर्षे अल्बममध्ये नसलेला तो खालचा भाग पहिल्यांदा दिसला. तेथे गवतावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली आज्जीच्या पायांपर्यंत आली आहे. सावलीच्या हातांची दोन्ही कोपरे वर उचललेली आहेत आणि डोक्यावरून घेतलेला पदर वाऱ्याने एका बाजूला उडालेला आहे.

मी आधी उजेडाकडे पाहिले. शालिनी पॅलेस तलावाच्या पश्चिम काठावर आहे. शहराच्या बाजूने त्याच्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर आपली सावली पुढे पडत असेल, तर सूर्य पाठीशी, म्हणजे पूर्वेला असला पाहिजे. ती सकाळ होती, आणि त्या वेळी आण्णा मिलमध्ये होते. पॅलेसच्या मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे वाचण्याचाही मी प्रयत्न केला, पण क्लिक थ्रीची साधी लेन्स इतक्या दूरचे तपशील टिपत नाही.

आईला लॅपटॉपवर ती चौकट दाखवली. तिने चष्मा पुसून घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे मीच काढल्यात की. सासूबाईंना घेऊन गेलतो. तांबड्या खिडकीत आकडा येईस्तोवर चावी फिरवायची, पण उन्हात ती उघडी ठेवायची नाही, म्हणून पदराच्या आडोशानं बघायचे." मागच्या लाल खिडकीतून ऊन आत गेल्यास फिल्म धुकटते, हे मी पुस्तकातून शिकले, तिला ते तेव्हाच ठाऊक होते. पुढचा अर्धा तास तिने आठव्या चौकटीबद्दल सांगितले. तेथे चावी फिरवायची राहून गेल्याने आज्जी आणि भेळेची गाडी एकमेकांवर उमटली आहेत, आणि ती चौकट वाया गेल्याची रुखरुख तिला अजून आहे.

आण्णांचा तो आवाज माझ्या कानात आजही तसाच आहे. ते दुसऱ्या कोणत्या दिवशी तसे म्हणाले असतील, किंवा ते वाक्य आईचेच असेल.

फाइलींच्या माहितीत छायाचित्रकार म्हणून आईचे नाव घातले आहे आणि या रोलाच्या बाराही चौकटी न कापता पूर्ण चौरसात जतन केल्या आहेत. पहिल्या चार रोलांमध्ये मी कडा नीट करण्यासाठी बऱ्याच चौकटींचा तळ कापला होता, त्यामुळे त्यांच्या मूळ रॉ फाइली पुन्हा उघडल्या आहेत. दुसऱ्या रोलात जोतिबाच्या पायऱ्यांवर आणखी एक सावली सापडली आहे. सहावा रोल शनिवारी भिजत घालीन, आणि रविवारी आई पॅनेलजवळ बसणार आहे.