कटकट बॅटरीची नव्हती

पहाटे पावणेपाचला चिखलीच्या मामांचा फोन. "मिस्त्री, सेल्फ मारला की नुसती कटकट करतीया. दूध भरून गाडी हुबी हाय." २०२१ ची दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं हत्यारांची पिशवी घेतली, पोऱ्याला मागं बसवलं आणि शिवाजी पूल ओलांडून पोचलो.

आठ दिवस पिकअप धक्क्यावरच चालली होती. एका गॅरेजात सेल्फची मोटर खोलून आतले कार्बन बदलले, मग परवा नवी बॅटरी घातली. तरी कटकट तशीच.

ती ऐकली की सगळ्यांचा हात आधी बॅटरीकडं जातो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. बॅटरी उतरलेली असली की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढतो, सेल्फचा लोड येताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो परत ओढतो. पण मग हेडलाइटही त्याच तालावर मिणमिणायला हवेत. पोऱ्यानं चावी फिरवली, आणि गोठ्याच्या भिंतीवर पडलेला उजेड जराही हलला नाही.

मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चावी फिरवतानाही १२ च्या खाली नाही. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल इंजिनच्या ब्लॉकला. आता आकडा ७-८ व्होल्टपर्यंत उड्या मारायला लागला. या जागी अर्धा व्होल्टसुद्धा जास्त!

"मामा, आणखी काय काम केलंय?"

"क्लचची केबल बदलली की. आतलं प्लॅस्टिक वितळलं हुतं."

मी केबलला हात लावला. थंडीच्या पहाटे, बंद गाडीत ती कोमट लागली. इंजिनची अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडं परतायची वाट, तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेनं परततो, इथं त्याला क्लचची केबल सापडली होती. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण अशी तापलेली केबल पेट घेऊ शकते.

गाडीखाली झोपलो. चेसिसपासून गिअरबॉक्सकडं जाणारी अर्थिंगची तांब्याची विणलेली पट्टी लांबून धड दिसत होती. लग्जपाशी, म्हणजे बोल्ट बसतो त्या टोकाशी, बोटानं दाबली तर हिरवी पूड हातात आली, तारा तुटून लोंबल्या. जुलैच्या पुरात ही गाडी दोन दिवस पाण्यात होती, मामांनीच सांगितलं.

जंपरची एक तार निगेटिव्हवरून थेट ब्लॉकला जोडली. पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं आणि दूध वेळेत गेलं.

दुपारी मामा गाडी घेऊन दुकानात आले. नवी पट्टी बसवायच्या आधी दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. परत त्याच दोन जागी मीटर धरला: ०.२ व्होल्ट.

जुनी बॅटरी मामांनी बदल्यात दिली नव्हती. ती चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशी लोड देऊन तपासली. ठणठणीत निघाली.