शटर आठला उघडते

मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून भरण्याच्या, आमच्या वर्गात गर्दच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारी मुले येतात. या कामात हात थरथरून चालत नाही. ३६ स्लॉटच्या (खाचांच्या) चार पोल मोटरमध्ये १ ते १० अशी पिच, म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधले अंतर, धरून कॉइल बसवायची, वेढे न चुकता मोजायचे, स्लॉटमधला कागद फाटू द्यायचा नाही; तारेचे इनॅमल खरवडून ती लोखंडाला टेकली, की मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारे यंत्र, लगेच चुगली करतो. ज्या मुलाबद्दल लिहितो आहे, त्याची वायंडिंग मी पुढच्या तुकड्यांना नमुना म्हणून दाखवत असे.

ठाण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तो लागला आणि काही आठवड्यांनी मालकांचा फोन आला, "सर, तुमचा मुलगा परत सुरू झालाय." मी गेलो तेव्हा तो घामाघूम होऊन बाकापाशी बसला होता, सारख्या जांभया देत होता, नाक गळत होते. मालकांना ती नशा वाटली, यात त्यांचा दोष नाही. आमच्याच एका समुपदेशकाने फोनवर "इच्छाशक्ती कमी पडली" असा निकाल दिला, त्याला मात्र मी दोष देतो, कारण ही लक्षणे नशेची नसून टर्कीची, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची, आहेत, हे त्याने तरी ओळखायला हवे होते.

मुलगा पूर्वी सुईने गर्द घेत असे, त्यामुळे त्याला सरकारी केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दऐवजी देतात ती टर्की आवरणारी गोळी, मिळते. गोळी खिशात घालून बाहेर विकली जाऊ नये म्हणून ती रोज नर्ससमोर जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत बसावे लागते. नियम रास्त आहे, पण केंद्र उघडते नऊनंतर आणि वर्कशॉपचे शटर आठला. उशिराबद्दल दोनदा बोलणी खाल्ल्यावर त्याने नोकरी टिकवण्यासाठी गोळीच परस्पर बंद केली होती.

मालकांच्या आग्रहावरून लघवीची तपासणी झाली आणि ती स्वच्छ निघाली. मग त्यांनी साहजिकच विचारले, "मग याला झालंय काय?" मुलाने मला आधीच विनवले होते, "सर, गोळीचं सांगू नका, ऐकलं की त्यांना तीही नशाच वाटेल." मी आजारपण आणि रोजचे औषधोपचार, एवढेच सांगितले. ज्या माणसाने आमच्या शब्दावर मुलगा ठेवला, त्याच्यापासून इतके लपवणे योग्य होते का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. मालकांनी दहाची वेळ मान्य केली, पण पगार बंद करून मोटरमागे पैसे ठरवले. त्याची कमाई घटली. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात मात्र त्याच्या नावापुढे "नोकरीवर रुजू: होय" एवढेच लिहिलेले आहे.

परवा त्याच मालकांच्या शिफारशीने शेजारचे वर्कशॉपवाले माझ्याकडे आले. त्यांना असाच स्वच्छ हाताचा मुलगा हवा आहे. फक्त तो सकाळी आठला हजर पाहिजे.