बाबासाहेबांच्या कोटाला नोट

मी मूळचा दशावतारी नट, त्यातही राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा. गोव्यात, आमच्या पेडण्यातल्या माणसाला दशावतार समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं आणि पुढची सगळी संभाषणं उभ्या उभ्या करायची. प्रेक्षकांतून टोमणा आला तर राजानं तो झेलून परत टाकायचा. ते जमत नसेल त्यानं राजपार्टी करू नये.

अशा माणसानं बाबासाहेबांचं भाषण करायला घेतलं, तेही पदरचा एक शब्द न घालता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेलं ते भाषण. मूळ इंग्रजी, मी मराठीतून करतो. लांबी कमी केली आहे, पण जे ठेवलंय त्याचा क्रम मोडलेला नाही. साधा कोट, टाय, चश्मा, हातात कागद. वर केलेलं बोट नाही, काखेत पुस्तक नाही. पुतळ्याची पोझ घेतली की लोक ऐकायचं सोडून हात जोडतात. बाबासाहेब तेव्हा ५८ वर्षांचे होते, मधुमेहानं बेजार. म्हणून आवाज खालीच ठेवतो, आणि सवयीनं वाक्याचं शेपूट लांबायला लागलं की ओठ मिटतो.

गेल्या नोव्हेंबरात, संविधान दिनाच्या निमित्तानं, पत्रादेवीच्या बाजूच्या एका गावात प्रयोग होता. देवळासमोरचा पक्का रंगमंच, जत्रेत मी त्याच्यावर दुर्योधन केलेला. प्रेक्षक तेच, त्यामुळे चेहरेही ओळखीचे.

सुरुवात नीट गेली. संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल, इथवर आलो तेव्हा दोघातिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग ते वाक्य आलं: ‘२६ जानेवारी १९५० रोजी भारत स्वतंत्र देश असेल.’ इथे मी थोडा थांबतो. थांबलो, तोच पायऱ्यांवरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “आनी आमी? आमी खंय आशिल्ले तेन्ना?”

तेव्हा आम्ही कुठे होतो, हा प्रश्न चोख होता. १९५० साली पेडणं पोर्तुगालच्या सालाझारच्या राज्यात. १५ ऑगस्ट १९५५ ला याच पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मुक्ती मिळाली ती १९ डिसेंबर १९६१ ला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, टाळी घेणारं. दुर्योधन असतो तर दिलंही असतं. पण हा कोट अंगावर असताना जे बाबासाहेब बोलले नाहीत ते मी कसं बोलणार? आवाज आला तिकडे बघितलं आणि कागदावरचं पुढचं वाक्य म्हटलं: ‘त्याच्या स्वातंत्र्याचं काय होईल? तो ते राखील, की पुन्हा गमावून बसेल?’ आणि त्याच्या पुढचं, भारत पूर्वी स्वतंत्र नव्हता असं नाही, असलेलं स्वातंत्र्य त्यानं एकदा गमावलं आणि तेही आपल्याच काही माणसांच्या फितुरीनं. सिंधच्या दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच खाल्ली, शिवाजी महाराज लढत असताना बाकीचे मराठे सरदार मोगलांच्या बाजूनं लढत होते. शेकडो वेळा घोकलेला मजकूर, पण त्या दिवशी तो मलाच नवा वाटला. म्हातारा मान हलवत होता. पटलं म्हणून की पटलं नाही म्हणून, ते कळलं नाही.

दशावतारात नट आवडला की माणूस मंचावर चढून बक्षीस देतो, नोट अंगरख्याला टाचतो. व्यक्तिपूजेच्या भागात शिरलो होतो, आपलं स्वातंत्र्य थोरातल्या थोर माणसाच्याही पायाशी वाहू नका या जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंताच्या इशाऱ्यापाशी, आणि एक गृहस्थ सेफ्टीपिन हातात धरून वर आले. नको म्हणायची सोय नाही, ते वाक्य भाषणात नाही. त्यांनी शंभराची नोट माझ्या कोटाच्या कॉलरला टाचली, मागे सरून वाकून नमस्कार केला. मी त्यांच्याकडे बघतच पुढे गेलो: धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता.

सगळं पटांगण हसलं. गृहस्थही हसले, पण नोट परत घेईनात.

हसू ओसरायच्या आत मी पुढचं सुरू केलं नाही, कारण पुढे विसंगतीचा परिच्छेद आहे. राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता; एक माणूस एक मत हे मान्य, पण एक माणूस एक मूल्य हे अजून नाकारलेलं. इथे टाळी येत नाही, कुठल्याच गावात. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं पायाकडे बघायला लागतात. मागे भिंतीला टेकून उभे असतात ते मात्र सरळ माझ्याकडे बघतात.

प्रयोगानंतर म्हातारा रंगपटात आला. “जाप दिली ना मरे तुवें,” म्हणाला, म्हणजे उत्तर दिलं नाहीस. मी म्हटलं, आजोबा, त्यांनी जे म्हटलेलं नाही ते मला म्हणता येत नाही. आता कोट काढलाय, आता विचारा. तो खुर्ची ओढून बसला आणि विचारण्याऐवजी स्वतःच सांगायला लागला, १९५५ सालचा पाऊस, गोळ्यांचा आवाज, आईनं दाराला लावलेला अडसर. तासभर ऐकलं. तेवढ्यात आयोजक आत डोकावले आणि म्हणाले, “पुढच्या खेपेला मध्ये एखादं पद घालाल काय? पेटीवाला आमचाच आहे.”