चाकणचं ऑडिट आणि डावा हात

इंटरप्रिटरला पंगतीत बसवतात, पण जेवू देत नाहीत. घास तोंडात गेला की नेमकं तेव्हाच कोणाला तरी काहीतरी सांगायचं असतं. म्हणून व्हेंडर ऑडिट, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीनं पुरवठादाराच्या कारखान्याची केलेली तपासणी, असलं की मी सकाळीच पोटभर पोहे खाऊन निघते. जपानी-मराठी दुभाषाचं काम करणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकींची ही सवय आहे.

त्या दिवशी ऑडिट चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतं. गिऱ्हाईक कंपनीकडून दोघे आले होते, क्वालिटीचे साठीला टेकलेले मोठे साहेब आणि त्यांच्या हाताखालचा एक तरुण इंजिनिअर. सकाळ सगळी लाईनवर गेली. रिजेक्शनचा लाल डबा, पोका-योके म्हणजे कामात चूक होऊच नये म्हणून केलेली सोय, आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासायची, तारीख उलटून गेलेला एक मायक्रोमीटर, जाडी मोजायचं हत्यार. त्या मायक्रोमीटरवर पाऊण तास गेला. मग मालक म्हणाले, "मॅडम, यांना सांगा, कँटीनचं जेवण रोजचंच आहे. आज घरी चला, आईनं मासवडी केलीय."

घर खेड तालुक्यातल्या एका गावात. बंगला नवा, पण ओसरीवर पाट मांडलेले. वारा लागावा म्हणून मोठ्या साहेबांचा पाट मुद्दाम दाराशी ठेवला होता. जपानात मानाची जागा दारापासून सगळ्यात लांबची, दाराशी बसायचं ते धाकट्यानं. तरुण इंजिनिअर कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला. मोठे साहेब मात्र निमूट बसले, म्हणून मीही गप्प राहिले. प्रत्येक गोष्ट सांगत बसले तर कोणाचंच जेवण व्हायचं नाही.

ताटं आली आणि माझ्या पोटात गोळा आला. मालकांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं व्हिडिओ बघून पुण्याहून चॉपस्टिक आणल्या होत्या. आमच्याकडे भात मागाहून येतो, पण त्यानं हौसेनं आधीच मुदी पाडून घेतल्या होत्या आणि प्रत्येक मुदीत दोन-दोन चॉपस्टिक उभ्या खोचल्या होत्या. जपानात माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताची वाटी ठेवतात आणि तिच्यात चॉपस्टिक अशाच उभ्या रोवतात.

मी आजींच्या कानाशी लागले. "आजी, यांच्यात हा मयताचा भात."

"अगं बया! उचल, उचल आधी ती ताटं!" पुढचं काही समजवावं लागलं नाही. पिंडाचा भात जन्मभर पाहिलेल्या बाईला काय समजवायचं? सूनबाईंनी ताटं आत नेली, दुसरी वाढायला घेतली. पोराचा चेहरा पडला होता. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी त्याच्याकडून त्या चॉपस्टिक मागून घेतल्या, दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत नेल्या आणि कोटाच्या खिशात ठेवल्या. या माणसानं सकाळी एका मायक्रोमीटरवरून कारखाना हलवला होता, यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

ताटं येईपर्यंत मी पोराला हेही सांगून टाकलं की एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. तिकडे दहनानंतर घरची माणसं चॉपस्टिकनं अस्थी उचलतात आणि एकमेकांकडे देत कलशात ठेवतात.

"म्हणजे आपण सावडतो तसंच की," आजी म्हणाल्या आणि रस्सा वाढायला लागल्या.

मासवडीनं गाडी रुळावर आणली. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत खोबरं, तीळ, लसूण, कांदा यांचं सारण भरून दुमडायचं, मग वड्या कापायच्या. कापलेली वडी पाहून इंजिनिअरचे डोळेच चमकले, त्याला त्यात घरची माकी-सुशी, सारण भरून गुंडाळलेल्या भाताच्या वड्या, दिसली. मोठ्या साहेबांनी रश्श्याची वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि चांगला मोठा भुरका मारला. नातू बघतच राहिला. भुरक्याचा आवाज करायचा नाही म्हणून शाळेत ओरडा खाल्लेला तो. आजी खूष. रस्सा झणझणीत होता, साहेबांच्या नाकातून पाणी वाहायला लागलं, पण चारचौघांत नाक शिंकरणं त्यांच्यात फार वाईट. ते सूं सूं करत राहिले आणि आजी रुमाल पुढे करत राहिल्या.

खरी गंमत इंजिनिअरची झाली. हा पोरगा पहिल्यापासून डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा धरून बसला होता. बाजरीची भाकरी एका हातानं मोडायला सवय लागते. त्याची भाकरी ताटभर झाली आणि रस्सा बोटांच्या पेरांवरून तळव्यापर्यंत आला. त्याला अजून रस्सा हवा होता. आजी आत भाकरी आणायला गेलेल्या, पातेलं समोरच. त्यानं त्याच बरबटलेल्या उजव्या हातानं डाव उचलला, स्वतःच्या वाटीत वाढून घेतलं आणि डाव परत पातेल्यात सोडला.

दारात उभ्या सूनबाईंनी ओठ दाबले. आजी आल्या, डावाच्या दांडीला लागलेला भाकरीचा चुरा त्यांनी पाहिला, आणि एक अक्षर न बोलता पातेलं आत नेलं. दुसऱ्या भांड्यात रस्सा आला, डावही दुसरा. इंजिनिअरला वाटलं, गरम करून आणला. त्यानं मान झुकवून आभार मानले.

मला राहवलं नाही. मी त्याला हळूच सांगितलं, जेवतो उजव्या हातानं, म्हणून जेवताना तोच हात उष्टा होतो. पाण्याचा तांब्या, डाव, वाढून घेणं, हे सगळं डाव्या हातानं. त्यानं खिशातून घडी केलेला छापील कागद काढला. भारतात जाणाऱ्यांसाठी त्यांच्या ऑफिसनं काढलेल्या सूचना. त्यात ठळक ओळ होती, जेवताना डावा हात वापरू नये.

असले कागद मी पुष्कळ पाहिलेत. ते लिहिणारा कधी पंगतीत बसलेला नसतो असा माझा पक्का संशय आहे. काहीच माहीत नसलेला पाहुणा शेजाऱ्याच्या ताटाकडे बघून जेवतो आणि सहसा निभावून नेतो. कागदवाला कागदाकडे बघतो.

पण पोरगा हुशार. त्यांच्याकडेही तोंडात गेलेली चॉपस्टिक सगळ्यांच्या भांड्यात घालत नाहीत, वाढून घ्यायला वेगळी जोडी असते. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "म्हणजे माझा उजवा हात ही तोंडात गेलेली चॉपस्टिक." मी आजींना सांगितलं. आजींनी त्याला आणखी दोन वड्या वाढल्या.

इकडे मोठे साहेब घामाघूम. ताटात एक शीत टाकायचं नाही अशी त्यांची शिस्त. आमचीही तीच, पण पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की आजींचा हात थांबत नाही. ते संपवत होते, त्या वाढत होत्या. ताटावर हात आडवा धरायला मी शिकवलं, आजींनी बोटांच्या फटीतून वडी सोडली. आग्रहाला नियम नसतो. शेवटी मी त्यांना म्हटलं, ताकभात मागा. तुमच्याकडे मोठ्या जेवणात शेवटी भात, मिसो सूप आणि लोणचं येतं ना, की उठायची वेळ झाली? आमच्याकडे ते काम ताकभात करतो. साहेबांनी स्वतः "ताकभात" असं स्पष्ट मराठीत मागितलं. आजी जागच्या जागी थांबल्या, भात आणला, ताक ओतलं, आणि मग वाढायचा विषय संपला.

परतताना तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे गाडी अडकली. इंजिनिअरनं तो कागद गुडघ्यावर ठेवून दुरुस्त करायला घेतला. वर 'सुधारित' लिहिलं, तारीख टाकली. मग त्याची 'का'ची सरबत्ती सुरू झाली. एकापुढे एक पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण गाठायचं, ही त्यांच्या कारखान्यांतली जुनी रीत. त्या दोघी आपल्याबरोबर का बसल्या नाहीत? पाहुण्यांचं आधी, म्हणून. मग मालक का बसले? पाहुण्यांना सोबत हवी. ती सोबत सूनबाई का करत नाहीत? त्या सासूबाईंनंतर जेवतात. का?

मी बसले होते पंगतीत, कारण मी 'मॅडम'. हे उत्तर मी त्याला दिलं नाही, त्यावर पाचवा 'का' आला असता. मोठे साहेब डोळे मिटून होते, ऐकत असावेत. मी म्हटलं, हे मला सांगता येत नाही.

त्यानं मान हलवली. कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली, ऑडिटमध्ये लिहितात तसं पुढे 'ओपन पॉइंट', म्हणजे अजून न सुटलेला मुद्दा, म्हणून टाकलं, आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव घातलं.