देश सोडला, पण कागदावर नाही

माझा नवरा ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेचा. 2022च्या जूनमध्ये आम्ही पोर्तुगालमध्ये लिस्बनला आलो तेव्हा त्याची समजूत होती की देश सोडला की तिथला कर आपोआप सुटतो. तसं नसतं. निघाल्यापासून पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ब्राझीलच्या कर खात्याला 'कायमचं प्रस्थान' कळवायचं असतं आणि नंतर, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीत, प्रस्थानाचं वेगळं विवरणपत्र भरायचं. त्याने दोन्ही केलं नाही. अशा वेळी सलग 12 महिने बाहेर राहिल्यावरच माणूस करासाठी अनिवासी, म्हणजे तिथला रहिवासी नसलेला, ठरतो. त्या पहिल्या वर्षात लिस्बनचा पगारही ब्राझीलला दाखवायला हवा होता! दोन देशांत करार आहे म्हणून इथे भरलेला कर वजा होऊ शकतो, पण आधी दाखवावा तर लागतो ना.

खरा त्रास झाला तो गुंतवणुकीचा. अनिवासी झालात की बँकेला, ब्रोकरला कळवणं तुमचं काम. नेहमीचं खातं बंद करून अनिवासी खातं उघडावं लागतं. आमच्या ब्रोकरने तर अनिवासी ग्राहक ठेवतच नाही म्हणून सांगितलं. सगळं विकावं लागलं, आणि त्याने ते दहा वर्षं थोडं थोडं करून जमवलेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्याच्या आईच्या शेजारचा त्याचा फ्लॅट मात्र ठेवलाय. अनिवासी म्हणून भाड्यावर सरळ 15 टक्के कर. तो कर तिथला मुखत्यार, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार बघणारा माणूस, दर महिन्याला भरतो. ते काम सासूबाईंनी घेतलंय.

ब्राझीलमधून कुणी निघत असेल तर विमानाच्या तिकिटाआधी ब्रोकरला फोन करा.