एका रिकाम्या रकान्यापायी

सोरायसिस म्हटलं की लोकांना कोपरावरचे, डोक्यातले कोंडा सुटणारे चट्टे आठवतात. मला झाला तो त्यातला दुर्मिळ प्रकार, जनरलाइज्ड पस्चुलर सोरायसिस. अंगभर लालबुंद कातडी, तिच्यावर बारीक बारीक पुवाचे फोड आणि हुडहुडी भरून ताप. फोडात पू असतो खरा, जंतू नसतात, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकनं काही होत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. अंगावरच्या जुन्या चट्ट्यांसाठी गावाकडच्या एका डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, बरेच महिने. वजन वाढलं, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं. मग त्या गोळ्या एकदम बंद केल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत फोड उठले. स्टेरॉइड असं अचानक तोडलं की हा आजार उसळतो, हे मला ॲडमिट झाल्यावर कळलं. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलेलं, ते भरून काढलं, सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबून दाह कमी करणारं औषध, सुरू केलं, ताप उतरला, कातडी सोलून निघाली आणि खालून नवी आली. वॉर्डातल्या सिस्टरांबद्दल, डॉक्टरांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. माझा राग आहे तो पुढच्या एका फॉर्मवर.

सायक्लोस्पोरिन कायम घेता येत नाही. त्यानं बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. म्हणून हळूहळू ॲसिट्रेटिन नावाच्या सोरायसिसच्या दुसऱ्या गोळीवर न्यायचं ठरलं. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "हा आजार नुसत्या कातडीचा धरू नका. आत सगळीकडं दाह असतो. रक्तातली साखर, रक्तातली चरबी, बीपी, वजन हे सगळं त्याच्याबरोबर चालतं, त्यात तुमचं स्टेरॉइड झालंय. आणि ही नवी गोळी चरबी अजून वाढवते. उपाशीपोटी रक्त तपासल्याशिवाय ती सुरू करायची नाही." इतकं सरळ होतं.

ॲसिट्रेटिन हॉस्पिटलच्या साठ्यात नव्हतं. बाहेरून मागवायचं तर फॉर्म, आणि फॉर्मवर रकाने: साखर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हर, आणि रक्तातल्या चरबीचे चार: कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल). रकाने भरले की फाइल तयार, फाइल तयार झाली की ती डॉक्टरांच्या टेबलावर. तोवर नाही.

रक्त द्यायला पहाटेच्या एस्टीनं गेलो, रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. लॅबमधल्या पोरानं नळी मशीनमधून फिरवून काढली आणि उजेडात धरली. खाली लाल थर, वर पिवळसर स्वच्छ पाणी दिसायला पाहिजे. माझं वरचं पाणी पांढरंफटक, दुधासारखं. तो म्हणाला, "काका, सकाळी खरंच काही खाल्लं नाही ना?" नाही म्हटलं. त्यानं दुसऱ्या पोराला बोलावून दाखवलं. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, असं कोणी म्हणेल, पण कामगार माणसाला नळीतलं काय कळणार? ते ज्यांना कळतं त्यांनी सांगायचं असतं.

रिपोर्ट आला: कोलेस्टेरॉल २६८, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड ६१२. एलडीएलसमोर आडवी रेघ.

काउंटरवरच्या माणसानं बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि रेघेवर थांबवलं. "रिपोर्ट अर्धाच आहे की हो. हे भरून आणा."

"लॅबनंच असा दिलाय."

"मग लॅबला विचारा. नाळे बन्नी, उद्या या." आणि फाइल माझ्याकडं सरकवली.

लॅबवाला म्हणाला, मशीन आकडा देत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टरांच्या दाराशी शिपाई म्हणाला, फाइल काउंटरवरून येते, हातात घेऊन आत जायचं नाही. काउंटरवर परत गेलो तर एलडीएल. पुढच्या खेपेला केसपेपर जुना झाला म्हणून नवा काढा, त्याची रांग वेगळी. ती सरेपर्यंत लॅबची रक्त घ्यायची वेळ संपलेली. मी उपाशी तो उपाशीच, आणि दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हाही तीच रेघ. कानडीत बोललो, मराठीत बोललो, आवाज चढवला, हातही जोडले. त्या माणसाशी वैर नव्हतं, तो रकान्याचा गुलाम होता. खरं मला तरी काय, रोजंदारी बुडत होती आणि अंगावर पुन्हा फोड उठतील ही धास्ती होती.

शेवटी वैतागून टिळकवाडीतल्या एका खासगी लॅबमध्ये गेलो, म्हटलं पैसे घ्या आणि तो आकडा द्या. तिथल्या बाईंनी रिपोर्ट बघितला आणि कागदावर गणित मांडून दाखवलं. एलडीएल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. माझ्या आकड्यांवर ११५ येतं. दिसायला चांगलं, पण खोटं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित चालत नाही, म्हणून लॅबवाले रेघ मारतात. थेट मोजायची तपासणी वेगळी असते, ती करून देते म्हणाल्या. "पण भाऊ, एलडीएल राहू दे. हा वरचा ६१२ कुणा डॉक्टरांनी बघितलाय का?"

कुणीच बघितला नव्हता. धोक्याचा आकडा माझ्या पिशवीत होता आणि सगळे त्याच्या खालच्या रेघेला चिकटलेले.

त्याच दुपारी जिन्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं, केसपेपर न काढता. त्यांनी रेघेकडं पाहिलंही नाही. पहिला प्रश्न: "पोटात दुखतं का? दारू घेता?" ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, म्हणून. मग रेघेशेजारी पेननं लिहिलं, 'ट्रायग्लिसराइड जास्त, एलडीएल काढता येत नाही', सही, शिक्का. काउंटरवर ती फाइल मिनिटात आत गेली.

आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी ॲसिट्रेटिनचा फॉर्म बाजूला ठेवला. आत्ता नाही, आधी चरबी उतरवा. म्हणजे ज्या गोळीच्या फॉर्मसाठी मी हेलपाटे मारले, ती गोळी त्या रिपोर्टवर मला मिळायचीच नव्हती. मेडिसिनवाल्यांकडं पाठवलं. त्यांनी चरबीची गोळी दिली आणि सायक्लोस्पोरिनबरोबर असल्यामुळं क्रिएटिनिन वरचेवर बघायला सांगितलं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ६.१ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कुंदा, गोड चहा, मैदा आणि दारू बंद. कमरेला टेप लावली. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत राहावं म्हणतात. माझं किती भरलं ते इथं सांगत नाही.

कुणाला हा आजार असेल तर रिपोर्ट काउंटरवर देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि जो डॉक्टर भेटेल त्याला दाखवा. बीपी बघितल्याशिवाय उठू नका. कातडीच्या ओपीडीत ते आपणहून बघतीलच असं नाही. हो, आणि एक राहिलं. ॲसिट्रेटिन सुरू असताना आणि बंद केल्यावर ३ वर्षं रक्तदान चालत नाही. आमच्या गणेश मंडळाच्या शिबिरात दरवर्षी माझं नाव पहिलं असायचं, आता मी नाश्ता वाटतो. मूल व्हायची शक्यता असलेल्या बायकांना तर ही गोळी सहसा देतच नाहीत, पोटातल्या बाळाला अपाय होतो.

चरबी पुरेशी खाली आल्यावर गोळी सुरू झाली, आता रक्ताची तपासणी ठरावीक अंतरानं असते. पुढची नेमकी गावच्या यात्रेला लागून येते. बायको म्हणाली, तारीख आठवडाभर पुढं ढकलून घ्या, पाहुणे येणार, मटण होणार. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "यात्रेच्या आधी या. आणि नंतर परत एकदा या."